अभ्यासाला बसलेली उन्नती

नागपूरच्या नंदनवन भागात एका हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, अभ्यासिका आहे. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर उन्नती रेवतकर रोज सकाळी येऊन बसायची, आणि बसायच्या आधी तिच्यामागे बरीच कामं असायची. टेबल पुसायचं. मोबाइलचं स्टँड उघडून त्याची मान वाकवायची. पुस्तक थोडं तिरपं ठेवायचं, म्हणजे अक्षरं दिसतील पण पानावर उजेड चमकणार नाही. रंगीत पेनं एका बाजूला, पांढरा कप दुसऱ्या बाजूला. मग कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा पाहायचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकणारा फिल्टर लावायचा, केस कानामागे घ्यायचे आणि लाइव्ह सुरू करायचं. एवढं होईस्तोवर ती दमून गेलेली असायची, आणि दिवस तर नुकताच उगवलेला असायचा.

पाहणारे लगेच जमायचे. गोंदियाहून कुणी, परभणीहून कुणी, साकोलीच्या वसतिगृहातून कुणी. गुड मॉर्निंग ताई, आज कोणता विषय, ताई तुमच्याकडे पाहून मीपण उठले. उन्नती हसून हात हलवायची, बोटानं पुस्तकाकडे खूण करायची आणि मान खाली घालायची. त्यानंतर कित्येक तास पडद्यावर काहीच घडत नसे. एक मुलगी वाचत बसली आहे, एवढंच दिसे. तेच पाहायला लोक येत.

हे सगळं पहिल्यापासून ढोंग होतं असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं.

उन्नती नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील नत्थूजी संत्र्याच्या बागेतच वाढलेले, आई प्रेमलता गावात अंगणवाडी चालवायची. पोरगी हुशार निघाली, नागपूरला शिकली, आणि राज्यसेवेची परीक्षा देऊन अधिकारी व्हायचं असं तिनं ठरवलं. लॉकडाउन लागला तेव्हा ती घरी अडकली. घरात अभ्यास होईना. दर थोड्या वेळानं हात मोबाइलकडे जायचा. तेव्हा तिच्या नागपूरच्या खोलीतल्या सोबतिणीनं, गुंजननं, फोनवर एक युक्ती सांगितली. मोबाइल समोर उभा कर, कॅमेरा चालू ठेव आणि लाइव्ह जा. कोणी पाहो न पाहो, मोबाइल हातात घेता येणार नाही.

उन्नतीनं तसं केलं. पहिल्या दिवशी तिघं जण पाहत होते, त्यांतली एक गुंजनच. पण त्या दिवशी ती उठलीच नाही. राज्यघटनेचं एक अख्खं प्रकरण एका बैठकीत संपलं. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा तिला कळलं की दुपार झाली आहे. त्या वर्षी तिनं जो अभ्यास केला तो खरा होता. ती पूर्व परीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली.

राहिली, ते तिनं लाइव्हवर सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. आणि झालं असं की त्या एका दिवसात तिला पाहणारे जेवढे वाढले, तेवढे सगळ्या वर्षात वाढले नव्हते. अनोळखी पोरींनी लांबलचक निरोप लिहिले. ताई, तुम्ही हरला नाहीत. ताई, तुम्ही आमच्यासाठी अधिकारीच आहात. हे वाचून तिला इतकं बरं वाटलं की नापास झाल्याचं दुःख दोन-चार दिवसांतच बोथट झालं. बोथट व्हायला नको होतं, हे तिला फार पुढे कळलं.

लॉकडाउन उठल्यावर ती नागपूरला गुंजनसोबतच्या खोलीत परतली आणि अभ्यासिकेतून लाइव्ह करू लागली. आधी कॅमेऱ्यात तिचे फक्त हात आणि पुस्तक दिसायचं. मग लोक म्हणाले, चेहरा दाखवा. चेहरा दिसू लागला तसं कुणी म्हणालं, ताई आज थकलेल्या दिसता. कुणी म्हणालं, ताईंचे पिंपल वाढले. ती पावडर लावू लागली, मग फिल्टर. फिल्टरमधला चेहरा गुळगुळीत, झोप झालेला, नेहमी थोडा हसरा दिसायचा. हळूहळू तिला खोलीतल्या आरशाचा कंटाळा यायला लागला. आरशातली बाई कोणीतरी दुसरीच वाटायची, फिल्टरमधल्या मुलीची थकलेली मोठी बहीण.

पुढच्या वर्षी ती पूर्व परीक्षेतच गळाली. या वेळी तिनं कुणाला सांगितलं नाही. लाइव्हवर एवढंच म्हणाली की आता पुढच्या तयारीला लागायचं. पाहणाऱ्यांनी ठरवून टाकलं की ताई मुख्य परीक्षेच्या तयारीला लागल्या. अभिनंदनं आली. तिनं ना हो म्हटलं ना नाही म्हटलं. फक्त मान खाली घालून वाचायला लागली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की डोळे ओळींवरून फिरत आहेत, पण आत काहीच उतरत नाही. कॅमेरा चालू होता, त्यामुळे उठता येईना. मग ती नुसती बसून राहिली. बसून राहणं तिला छान जमत होतं.

त्यानंतर बरेच दिवस तसेच गेले. गुंजनचं मात्र वेगळं चाललं होतं. ती खाटेवर मांडी घालून, पाठीला उशी लावून, चिवडा खात वाचायची, मधेच झोपायची, पुन्हा उठून वाचायची. ती तलाठी झाली. उन्नतीनं हौसेनं तिच्यासोबत व्हिडिओ केला, पेढा भरवला. तो व्हिडिओ तिच्या चॅनलवर सगळ्यात जास्त पाहिला गेला, आणि खाली ओळीनं एकच प्रश्न आला. तुमचं कधी, ताई? गुंजन सामान घेऊन नोकरीच्या गावी जायला निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, "उन्नती, थोडे दिवस बंद ठेव नं वं ते. गावाले जाऊन ये." उन्नतीनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टँडची मान वाकवली.

तिसऱ्या वर्षीही ती पूर्व परीक्षेतच गळाली. तेही कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. घरी निकालाची चौकशी झाली की ती म्हणायची, निकाल लांबला आहे.

याच सुमारास काटोलची माया गजभिये तिला निरोप पाठवू लागली. माया नुकतीच बारावी झाली होती. आई अंजनाबाई संत्र्याच्या बाजारात लहान-मोठा माल छाटायला आणि क्रेट भरायला जायची, वडील नव्हते. माया रोज उन्नतीचं लाइव्ह लावून अभ्यासाला बसायची. तिचे निरोप इतरांसारखे नसत, ती नेमकं काहीतरी विचारायची. पंचायत राजचं कोणतं पुस्तक घेऊ? चालू घडामोडी कुठून वाचू? उन्नती तिला उत्तरं द्यायची, कारण या प्रश्नांची उत्तरं तिला खरंच माहीत होती. दसऱ्याच्या आधी मायानं लिहिलं, की आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवर येतो, नागपुरातच इंदोऱ्याला मावशीकडे मुक्काम असतो, तेव्हा एक दिवस तुमच्याजवळ बसून अभ्यास करू का? काहीच बोलणार नाही. फक्त बसेन.

उन्नतीनं आधी नको असं लिहून पाहिलं. पण नाही म्हणायला काही कारण सुचेना, आणि खरं सांगायचं तर ती सुखावलीही होती. एवढ्या दुरून कुणी तिच्याजवळ नुसतं बसायला येणार होतं.

दसऱ्यानंतर माया आली. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, पाठीवर शाळेचंच दप्तर. टेबलापाशी उभी राहून ती क्षणभर उन्नतीच्या तोंडाकडे पाहत राहिली. फिल्टरशिवायचा चेहरा ती पहिल्यांदा पाहत होती. उन्नतीनं शेजारची खुर्ची ओढून दिली, लाइव्ह सुरू केलं, पाहणाऱ्यांना मायाची ओळख करून दिली. पोरगी लाजून हसली आणि पुस्तक उघडून वाचायला लागली.

सकाळभर दोघी बसल्या. मायाचं वाचणं ऐकू येत होतं, म्हणजे तिचे ओठ हलत, मधेच ती बोटावर काही मोजे, मागचं पान उलटून पुन्हा पाही. उन्नतीला तिच्याकडे बघवेना. ती आपल्या पुस्तकावर पिवळी रेघ ओढायची, पेन ठेवायची, कप उचलायची, डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्यावर किती जण आहेत ते पाहायची. कंबर दुखत होती. हे सगळं संपावं आणि पोरगी खूश होऊन घरी जावी, एवढंच तिला वाटत होतं.

दुपारी कॅमेरा बंद करून दोघी बाहेरच्या जिन्यात डबा खायला बसल्या. मायाच्या मावशीनं भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. मायानं अर्धी भाकरी मोडून उन्नतीच्या डब्याच्या झाकणात ठेवली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावसान तं नाही?"

"विचार नं."

"तुम्ही वाचून नव्हत्या राहिल्या. पान तेच होतं सकाळपासून."

उन्नतीनं पाण्याची बाटली उघडली. तिला वाटलं, पोरगी आता हसेल, किंवा उठून जाईल. पण माया घाबरलेली दिसत होती. ती पुढे बोलली ते आणखी हळू आवाजात.

"मले वाटे का माझ्यातच काही कमी आहे. तुम्ही इतका वेळ बसता, हलत नाही, उठत नाही. माझं अर्ध्या घंट्यात डोकं दुखते. मंग मी रडतो. आई म्हणे, एवढी हुशार पोरगी, काहून रडतं वं रोज? मी काय सांगू तिले?"

आता खरं सांगायची वेळ होती, आणि ते उन्नतीच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आज माझी तब्येत बरी नाही वं. डोकं भणभणून राहिलं. म्हणून तुले तसं वाटलं."

मायाचा चेहरा लगेच उजळला, आणि मग लाजेनं पडला. तिनं दोनदा माफी मागितली. आपण किती वेडं बोललो, ताई आजारी असताना आपण त्रास द्यायला आलो, असं म्हणत तिनं उरलेली भाजीसुद्धा उन्नतीच्या डब्यात ओतली. दुपारनंतर ती मावशीकडे परत गेली. जाताना पायऱ्यांवरून वळून म्हणाली, की आराम करा, आज लाइव्ह नका घेऊ.

त्या दिवशी उन्नतीनं पुन्हा लाइव्ह घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल बॅगेतच ठेवला आणि नुसतं वाचायला बसली. जमलं नाही. समोर कुणी नाही, तर पाठ ताठ ठेवायचं कारण उरलं नाही. एक परिच्छेद तिनं तीन-चारदा वाचला. आपण वाचताना कसे दिसत असू, हाच विचार डोक्यात फिरत राहिला. मग बॅग उचलून ती बसस्टँडवर गेली आणि नरखेडच्या गाडीत बसली.

घरी आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती. नत्थूजी बागेत होते. उन्नती गेली तेव्हा ते विहिरीजवळ मोटरच्या पेटीपाशी उभे होते, आणि पेटीवर त्यांचा मोबाइल टेकवून ठेवलेला होता. लेकीला पाहून त्यांना आनंद झाला. काल दुपारपासून तू दिसली नाही तं नेट गेलं असन असं वाटलं, असं ते म्हणाले. उन्नतीला ठाऊक होतं की बाबा कधीमधी लाइव्ह पाहतात. रोज पाहतात, मोटर चालू असेपर्यंत पाहतात, हे ठाऊक नव्हतं.

तिनं विचारलं, "काय पाहता बाबा त्याच्यात? काहीच तं होत नाही."

"तू दिसतं नं," नत्थूजी म्हणाले. "पोरगी बरी आहे का नाही ते समजते तोंडावरून. मोबाइलात तं तुझी तब्येत एकदम चांगली दिसते. घरी आली का मंग वाळल्यावानी काहून दिसतं, काय मालूम. तुही आई म्हणते, प्रवासानं."

ते फवाऱ्याची नळी सोडवायला पलीकडे गेले. उन्नती तिथंच बांधावर बसली. बाहेरच्या जगासाठी लावलेला तो फिल्टर आपल्या बापाच्याही डोळ्यांवर चढला होता, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. लेक सुकत चालली होती, आणि तिचा बाप रोज समोर बसून तिचा ताजा चेहरा पाहत होता.

संध्याकाळी चुलीपाशी तिनं आईला सगळं सांगितलं. पूर्व परीक्षेत दोनदा नापास झाल्याचं, निकाल लांबला नव्हता त्याचं, आणि अभ्यास होत नसल्याचं. प्रेमलताबाई पोळ्या लाटत ऐकत होत्या. त्यांनी ना डोक्याला हात लावला ना त्या रागावल्या. अंगणवाडीत वर्षानुवर्षं पोरांची रडगाणी ऐकून त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. म्हणाल्या, "बाबाले मी सांगतो. तू आधी दोन दिवस झोप." आणि उन्नती खरोखर झोपली. जेवायला उठायची, पुन्हा झोपायची. तिसऱ्या दिवशी ती तोडणीला बागेत गेली, पण थोड्या वेळात हात भरून आले आणि सावलीत बसली.

नागपूरला परतताना ती काटोलला उतरली. मायाला फोन केला तर ती आईला मदत करायला बाजारात आली होती. शेडखाली संत्र्यांचे ढीग लागले होते, बाया खाली बसून लहान-मोठा माल वेगळा करत होत्या. माया कोपऱ्यातून उठून आली. उन्नतीनं या वेळी घोळ घातला नाही. उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी माझी तब्येत ठीक होती. मी खरंच वाचत नव्हते. वर्षभरापासून वाचत नाही. परीक्षेत नापास झाले आहे. तुझ्यात काही कमी नाही, अर्धा तास वाचून डोकं दुखतं ते वाचल्यामुळं दुखतं.

माया ऐकून घेत होती. तिच्या हातावर संत्र्याच्या सालीचा तेलकट डाग होता, तो ती ओढणीला पुसत राहिली. मग म्हणाली, "मंग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

उन्नतीनं बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मी जिन्यात माफी मागून राहिली होती तुमची," माया म्हणाली.

तेवढ्यात अंजनाबाई हात झटकत आल्या. लेकीच्या मोबाइलमधली ताई प्रत्यक्ष आलेली पाहून त्यांना कोण आनंद झाला. आमची पोरगी तुमच्यापायीच अभ्यासाला लागली, असं त्या आजूबाजूच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग ढिगातून निवडून-निवडून चांगली संत्री काढली, पिशवी भरली आणि उन्नतीच्या हातात दिली. उन्नतीनं नको म्हटलं. अंजनाबाईंनी ऐकलं नाही. माया परत कोपऱ्यात जाऊन माल निवडायला बसली. उन्नती ती जड पिशवी घेऊन गाडीत बसली. नागपूर येईपर्यंत तिनं एकही संत्रं सोललं नाही.

चॅनल तिनं तसंच सोडून दिलं. निरोपाचा व्हिडिओ करावा असं एकदा मनात आलं, काय बोलायचं तेही सुचलं, आणि कसं दिसायचं तेही सुचलं. मग ती थांबली. काही दिवस लोक विचारत राहिले, ताई कुठं आहात, ताई बऱ्या आहात ना. मग विचारणं कमी झालं. त्यांना अभ्यासाला बसलेली दुसरी कुणीतरी सापडली. हे असंच होणार हे तिला कळत होतं, तरी रोज उघडून पाहायची आणि रोज थोडी खचायची. ज्यांनी तिला अधिकारी म्हटलं होतं त्यांतलं कुणी महिनाभरानंतर उरलं नव्हतं. मायानं तर बाजारातून घरी पोचायच्या आतच तिला सोडलं होतं, फॉलो करणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव गेलं होतं.

नागपुरातच मानेवाड्याला एका शिकवणीत उन्नतीला काम मिळालं. आठवी-नववीच्या पोरांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचं, पेपर तपासायचे. पोरं गोंगाट करत, फळ्याकडे पाठ करून बसत, आणि तिच्याकडे कौतुकानं पाहणारं त्यांत कुणी नव्हतं. पहिले काही दिवस ती खोलीवर येऊन नुसती पडून राहायची. तासात आवाज फाटला का, साडी ठीक होती का, पोरं हसली ती आपल्याला का, हे डोक्यात चालायचं. मग एवढा विचार करायलाही अंगात त्राण उरेना, तेव्हा तो आपोआप थोडा कमी झाला. नत्थूजी आता फोन करून विचारतात, जेवली का. ती खरं सांगते. कधी जेवलेली नसते, तर नाही म्हणते, आणि ते रागावतात.

परीक्षा द्यायची की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. पुस्तकं खोलीतल्या फडताळात आहेत.

उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी मायाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. नमस्कार नाही, कशा आहात नाही. काटोलच्या वाचनालयात ती बसू लागली होती, पदवीला अवकाश असला तरी पूर्व परीक्षेची तयारी आतापासूनच चालू होती, आणि राज्यपालांच्या वटहुकूम काढायच्या अधिकारावर ती अडली होती. दोन पुस्तकांत दोन वेगळी वाक्यं होती.

"तुम्हाले येते का हे?" तिनं विचारलं.

उन्नतीला उत्तर येतंय असं वाटलं, पण ते पुरतं आठवेना. पूर्वीची ती असती तर तिनं काहीतरी ठोकून दिलं असतं. ती म्हणाली, "पक्कं नाही माहीत. थांब, पाहून सांगतो."

"पाहा," माया म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही.

उन्नतीनं फडताळातून पुस्तक काढलं, धूळ पुसली, प्रकरण शोधलं. कूलरच्या आवाजात तिला मायाची पानं उलटल्याची सळसळ फोनमधून ऐकू येत होती. तिनं कलम वाचलं, मग त्याच्या आधीचं वाचलं, कारण त्याशिवाय हे समजत नव्हतं. मायाला सांगितलं. मायानं एक शंका काढली, ती बरोबर होती, म्हणून तिनं आणखी पुढे वाचलं. शेवटी माया म्हणाली, "समजलं." आणि मग, "ठेवतो आता."

फोन बंद झाल्यावर उन्नती तशीच जमिनीवर भिंतीला टेकून वाचत राहिली. दोन पानं झाली, तिसरं अर्धं झालं. मग पाय बधिर झाले, भूक लागली, तशी पुस्तक पालथं ठेवून ती भात टाकायला उठली.